मेरी केटचे साडेतीनशे पौंड

दिग्दर्शक जॉन फोर्डचा 'द क्वाएट मॅन' हा चित्रपट चारचौघांत पाहायला बसलं की एका ठिकाणी खोलीतलं हसू दुभंगतं. नवरा बायकोला रेल्वेच्या डब्यातून खाली खेचतो आणि पाच मैल, बांधांवरून, मेंढ्यांच्या कुरणांतून, कधी हाताला तर कधी मानगुटीला धरून फरफटत नेतो. मागून अख्खा गाव जत्रेला निघाल्यासारखा चाललेला. गर्दीतली एक बाई पुढे होते आणि नवऱ्याला काठी देऊ करते. या देखण्या बाईला बडवायला बरी पडेल, म्हणून. १९५२ साली थिएटरं या वाक्याला खदखदून हसली. गेल्या मार्चमध्ये आमच्या घरी आठ-दहा जण मिळून आम्ही हा चित्रपट पाहिला, तेव्हा माझे मेहुणे हसले आणि त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेली. आली ती चित्रपटातली पुढची मारामारी संपत आल्यावरच. आणि तरीही निघताना मला म्हणाली, "मामा, हा पिक्चर मला पेन ड्राइव्हवर दे ना."

ज्या प्रसंगावरून ती उठून गेली, त्या प्रसंगासकट तिला तो चित्रपट हवा होता. हे कसं?

पेच आमच्या दिवाणखान्यापुरता नाही. लोकांच्या जिवाभावाच्या जुन्या कलाकृतींत आज खुपणारं काही निघालं तर तिचं करायचं काय, यावर जगभर वाद झडतायत. २०२० च्या जूनमध्ये एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेनं अमेरिकेतल्या गुलामगिरीचं गोंडस चित्र रंगवणारा 'गॉन विथ द विंड' काही दिवस बाजूला काढला आणि मग समजावून सांगणारी प्रस्तावना जोडून परत ठेवला. त्या वेळी दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं, तेच 'क्वाएट मॅन'बद्दलही बोललं जातं. एक बाजू म्हणते, त्या काळी असंच होतं, आजची फूटपट्टी लावू नका. दुसरी म्हणते, बायकोला फरफटत नेण्याला विनोद समजणारा चित्रपट कितीही गोड असला तरी आता नको. तिसरेही एक आहेत, संख्येनं सगळ्यांत जास्त. ते म्हणतात, अहो, केवढं हिरवंगार आयर्लंड, केवढी निरागस माणसं, कशाला उगाच खुसपटं काढता?

मला तिघांचंही पटत नाही, आणि सर्वांत कमी पटतं ते तिसऱ्यांचं. हिरवाईवर चित्रपट सत्तर वर्षं टिकत नाही. त्या काळात परदेशी निसर्गात रंगीत प्रेमकथा कितीतरी निघाल्या, आज त्यांची नावं काढायला कोश उघडावा लागेल. 'द क्वाएट मॅन' टिकला तो मेरी केट डॅनाहर नावाच्या बाईच्या एका हट्टामुळे, असं माझं म्हणणं आहे. तो हट्ट पैशांचा आहे. आणि चित्रपटात आज जे खुपतं तेही त्याच हट्टाशी येऊन भिडतं. म्हणून एक ठेवून दुसरं कापून टाकता येत नाही.

गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. शॉन थॉर्नटन (जॉन वेन) अमेरिकेतल्या पिट्सबर्गहून आयर्लंडच्या पश्चिमेला, इनिसफ्री नावाच्या काल्पनिक गावात परततो. काळ १९२० च्या दशकाचा. तो तिथंच जन्मला, आईबरोबर लहानपणी परदेशी गेला, पोलादाच्या भट्ट्यांत राबला, मग बॉक्सर झाला. रिंगणात त्याच्या ठोशानं एक माणूस मेला, तेव्हापासून हात उचलायचा नाही अशी त्यानं मनाशी गाठ मारलीय. हे गावात कुणाला ठाऊक नाही. तो आईवडिलांची झोपडी विकत घेतो, मेंढ्या हाकणाऱ्या लाल केसांच्या मेरी केटच्या (मॉरीन ओहारा) प्रेमात पडतो, आणि तिचा दांडगट भाऊ विल (व्हिक्टर मॅकलॅग्लन) आडवा येतो. मध्यस्थ, पाद्री आणि शेजारीपाजारी मिळून विलला गंडवतात आणि लग्न लावतात. फसवणूक कळल्यावर विल भरमांडवात बहिणीचा हुंडा द्यायला नकार देतो. साडेतीनशे पौंड रोख, आणि आईकडून तिच्या वाट्याला आलेलं घरसामान.

शॉनला वाटतं, पैसे नाही मिळाले तर नाही, माझ्याकडे आहेत की. अमेरिकेहून आलेल्या माणसाच्या दृष्टीनं हे औदार्य आहे. प्रेक्षकालाही आधी तसंच वाटतं. आणि इथंच मेरी केट खोलीचं दार लावून घेते. तिचं म्हणणं असं की ते माझं आहे, आणि ते हाती येईपर्यंत मी या घरात बायको नाही, भावाच्या घरी होते तशीच मोलकरीण आहे. स्वतःचं काहीही नसलेली.

मराठी वाचकाचा इथं हमखास गोंधळ होतो, माझाही झाला होता. हुंडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुलीच्या बापाची पिळवणूक येते, याद्या, मानपान, जळालेल्या सुना येतात. १९६१ पासून आपल्याकडे हुंडाबंदीचा कायदा आहे. मग नायिकाच हुंड्यासाठी भांडते आणि नायक नको म्हणतो, तर नायक पुरोगामी आणि ती मागासलेली, असं पटकन वाटून जातं. पण मेरी केट मागते तो आपला हुंडा नव्हेच. तिच्या मागणीला आपल्याकडे दुसरा, जुना आणि नेमका शब्द आहे: स्त्रीधन. मनुस्मृतीत त्याचे प्रकार सांगितलेत. अग्नीसमोर दिलेलं, सासरी जाताना दिलेलं, प्रीतीनं दिलेलं, आईबापभावानं दिलेलं. ते तिचं. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं: स्त्रीधनावर बायकोची पूर्ण मालकी आहे, नवऱ्याच्या ताब्यात असलं तरी ते विश्वासानं सोपवलेलं असतं, आणि परत न दिल्यास तो फौजदारी गुन्हा होऊ शकतो. डॅनाहरांच्या घरात तेच झालंय, फक्त दडपून बसलेला माणूस नवरा नाही, भाऊ आहे.

खऱ्या आयर्लंडात मात्र ही रक्कम बहुधा मुलीच्या हाती राहत नसे. १९३० च्या दशकात हार्वर्डहून आलेल्या आरेन्सबर्ग आणि किंबॉल या मानवशास्त्रज्ञांनी काउंटी क्लेअरमधल्या शेतकरी घरांचा अभ्यास केला होता. त्यांनी नोंदवलेला व्यवहार आपल्याकडच्या एखाद्या बैठकीत बसून लिहिल्यासारखा वाटतो. दोन्हीकडचे लोक मध्यस्थाला घेऊन बसायचे, जमीन किती, गुरं किती, मुलगी काय आणणार, यावर घासाघीस व्हायची. तिथल्या इंग्रजीत या रकमेला 'फॉर्च्यून' म्हणत, आयरिशमध्ये 'स्प्रे'. ती यायची मुलाच्या बापाकडे, आणि त्याच पैशांतून मुलाच्या बहिणीचं लग्न ठरायचं. म्हणजे पैसा एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहायचा, बाया त्याच्याबरोबर. १८४५ नंतरच्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्यानंतर जमिनीचे तुकडे करायचे नाहीत, शेत एकाच मुलाला द्यायचं, ही रीत घट्ट झाली. एका मुलीपुरता पैसा जमायचा. बाकीच्या मुलींनी काय करायचं? बोटीत बसायचं. युरोपातल्या इतर देशांतून मुख्यतः पुरुष अमेरिकेला गेले. आयर्लंडातून बायका पुरुषांच्या बरोबरीनं गेल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच एकट्या, बिनलग्नाच्या. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात राबून त्यांनी घरी पाठवलेल्या डॉलरांतून कैकदा मागे राहिलेल्या धाकटीचा हुंडा उभा राहिला.

हे डोक्यात ठेवून पाहिलं की मेरी केट वेगळीच दिसायला लागते. ती मागे राहिलेली मुलगी आहे. भावाच्या घरात तिनं वर्षानुवर्षं रांधलं, झाडलं, शेतावरच्या गड्यांना जेवायला वाढलं. भाऊ तिला सोडायला तयार होतो तोसुद्धा बहिणीचं भलं व्हावं म्हणून नव्हे. गावातल्या श्रीमंत विधवेशी त्याला लग्न करायचंय आणि त्याच्या कानावर घातलं जातं, की एका स्वयंपाकघरात दुसरी बाई असेल तर ती विधवा कशाला येईल? पटकथाकार फ्रँक न्यूजंट यांनी हा विनोदाचा धागा म्हणून वापरला, पण तो अगदी अस्सल आहे. बहीण बाहेर पडल्याशिवाय वहिनी आत नाही, हा त्या घरांचा नियमच होता.

शॉनला यातलं काही दिसत नाही. तो आईनं सांगितलेल्या आठवणींच्या गावात आलाय. चित्रपटाची मजा ही की फोर्डला हे ठाऊक आहे, आणि तो नायकाला मधूनमधून चिमटे काढत राहतो. शॉन झोपडी रंगवतो, दाराशी गुलाब लावतो. प्रॉटेस्टंट पाद्रीची बायको घर पाहून म्हणते, आयरिश झोपड्या अशा दिसायला हव्यात, पण दिसत मात्र क्वचितच. आणि पाचूसारखा हिरवा रंग द्यायचं एखाद्या अमेरिकनालाच सुचावं. मेरी केटचं लक्ष गुलाबांकडे नाहीच. तिची तक्रार सरळ आहे: कसला शेतकरी तू, आवारात ना सलगम, ना कोबी, ना बटाटा. आणि जिच्याकडून तो झोपडी घेतो ती गावातली श्रीमंत विधवा, टिलेन, त्याला विचारते, की या घराचं राष्ट्रीय स्मारक करून दोन पेन्सांचं तिकीट लावायचा विचार आहे का?

तिसऱ्या पक्षाच्या लोकांना मला हेच सांगायचंय. ज्या हिरवाईवर तुम्ही भाळता तिची टिंगल चित्रपटातल्या बायका सारख्या करत असतात. हिरवा रंग अमेरिकन माणसानं दिलाय. बटाटा कुठाय हा प्रश्न आयरिश बाईचा आहे. प्रेमकथा रंगते ती या दोन गोष्टींच्या टकरीतून. परत आलेल्याला चित्र हवं असतं, तिथं राहणाऱ्या बाईला घर हवं असतं.

फोर्ड स्वतः या टकरीच्या कुठल्या बाजूला होता, सांगणं कठीण आहे. तो अमेरिकेत मेन राज्यात जन्मला, मूळ आडनाव फीनी, आईवडील गॅलवेकडचे. मॉरिस वॉल्श यांची मूळ कथा १९३३ साली 'सॅटरडे ईव्हनिंग पोस्ट'मध्ये आली, फोर्डनं ती १९३६ साली दहा डॉलर देऊन राखून ठेवली आणि पुढची पंधरा वर्षं स्टुडिओंचे उंबरठे झिजवले. कुणाला त्यात पैसा दिसेना. शेवटी रिपब्लिक पिक्चर्सनं अट घातली: आधी याच जोडीला घेऊन एक घोडे-बंदुकांचा चित्रपट करून द्या, त्यातून हा तोटा भरून निघेल. त्यानं 'रिओ ग्रँड' करून दिला. १९५१ च्या उन्हाळ्यात मेयो काउंटीतल्या काँग गावात चित्रीकरण झालं. वॉल्शची कथा केरी काउंटीत घडते, फोर्ड ती उचलून आपल्या आईवडिलांच्या मुलखाजवळ घेऊन गेला. या चित्रपटानं त्याला दिग्दर्शनाचं चौथं ऑस्कर मिळालं, जो विक्रम आजवर मोडलेला नाही. पडद्यावर त्याचा थोरला भाऊ फ्रान्सिस आहे, बॅरी फिट्झजेरल्ड आणि आर्थर शील्ड्स हे सख्खे भाऊ आहेत. घरचं कार्यच म्हणा ना. पार्श्वसंगीतात सारखी ऐकू येणारी मुख्य धून डिक फॅरेली नावाच्या एका आयरिश पोलिसाच्या गाण्याची. गाणं परदेशी गेलेल्या माणसाच्या स्वप्नाचं आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही, हा त्यातला कडवट भाग.

आणि ज्या वर्षांत पडद्यावर एक आयरिश माणूस परत येत होता, त्याच वर्षांत खऱ्या आयर्लंडातून माणसं ओहोटीसारखी निघून चालली होती. त्या दशकात सुमारे चार लाख लोक गेले. १९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या २८ लाखांच्या थोडी वर, म्हणजे आजवरची सर्वांत कमी निघाली. अमेरिकेतल्या आयरिशांसाठी हा चित्रपट तेव्हापासून मार्चमधल्या सेंट पॅट्रिक दिवसाचा नेम होऊन बसला. आपल्याकडे चाकरमानी गणपतीला कोकणात उतरतो तसे ते वर्षातून एकदा इनिसफ्रीला उतरतात. खुद्द आयर्लंडात मात्र मतं दुभंगलेली राहिली. दारू पिणारे, भांडणारे, गोड बोलून वेळ मारून नेणारे आयरिश, हे आमचं सोंग किती दिवस दाखवणार, असं म्हणणारे तिथं आजही आहेत. मला त्यांचा राग समजतो. बॅरी फिट्झजेरल्डनं रंगवलेला लग्न जुळवणारा मध्यस्थ मिकलीन मला मनापासून आवडतो, पण पु.लं.च्या व्यक्तिचित्रांवरूनच कुणी कोकणी माणसाचा स्वभाव ठरवायला लागला तर आपणही उखडू.

आता त्या फरफटीकडे येतो. तिला टाळून चित्रपटाची बाजू मांडणं मला जमणार नाही.

मेरी केट शॉनला सांगून पाहते, टोमणे मारून पाहते, बाजारात भावासमोर उभं करून पाहते. तो मागत नाही. त्याला भीती आहे की हात उचलला तर पुन्हा कुणी मरेल. तिला ते ठाऊक नाही. तिला वाटतं तो भित्रा आहे. नदीकाठी मासे पकडत बसलेल्या फादर लोनर्गनपाशी ती मन मोकळं करते, ते आयरिश भाषेत. हॉलिवूडच्या चित्रपटात भर १९५२ मध्ये नायिका आपलं सर्वांत खाजगी दुःख आयरिशमध्ये बोलते, आणि ओहारा डब्लिनची, तिला ती भाषा येत होती. एका रात्री दोघं जवळ येतात आणि सकाळी ती डब्लिनची गाडी पकडायला निघून जाते. प्रेम आहे, पण या माणसाची लाज वाटत राहील अशा घरात राहायचं नाही. तिच्या जाण्याला त्या आयर्लंडात पुढे वाट नव्हती, हे लक्षात घ्या. घटस्फोट नव्हता, आणि १९३७ च्या राज्यघटनेनं तर त्यावर बंदीच घातली. ती उठायला १९९५ चं सार्वमत लागलं, तेही जेमतेम नऊ हजार मतांच्या फरकानं.

या टप्प्यापर्यंत चित्रपट तिचा आहे. मग शॉन घोड्यावरून येतो, नेहमीप्रमाणे उशिरा सुटणाऱ्या गाडीतून तिला खेचतो, आणि चित्रपट तिच्या हातातून काढून घेतला जातो.

बचाव करणारे म्हणतात, नीट बघा. ती गाडी कधीच वेळेवर सुटत नाही हे तिला ठाऊक आहे, तो मागे येईल हेही. शेवटी तो तिला भावासमोर उभी करून सांगतो, हुंडा नाही तर लग्न नाही, ही तुमची रीत आहे, माझी नाही. भाऊ चिडून नोटा फेकतो. मेरी केट न बोलता मळणीयंत्राच्या भट्टीचं दार उघडून धरते आणि शॉन सगळ्या नोटा आत टाकतो. मग ती ताठ मानेनं गर्दीतून चालू लागते, रात्रीचं जेवण तयार ठेवते म्हणते. या प्रसंगात ती हरलेली दिसत नाही, हे खरंच आहे. भट्टीचं दार ती उघडते हे तर मला सबंध चित्रपटातलं सर्वांत हुशार काम वाटतं. पैसा हवा होता तो खर्चायला नव्हे, मागितला जावा म्हणून. माझं आहे हे सगळ्या गावानं ऐकावं म्हणून. एकदा ते झालं की जळो.

तरीही हा बचाव पुरा पडत नाही. तिला असंच हवं होतं, हे तिच्या तोंडी घालणारे सगळे पुरुष आहेत. जी बाई सबंध चित्रपटभर आपलं मागणं इतक्या स्वच्छ शब्दांत मांडते, तिला ते स्वतःच्या पायांनी चालत जाऊन मिळवता आलं असतं, असा प्रसंग लिहिणं अशक्य नव्हतं. लिहिणाऱ्यांचा त्यावर विश्वास नव्हता, एवढंच. आणि पडद्यामागची गोष्ट तर पडद्यावरच्या गोष्टीपेक्षा वाईट आहे. २००४ साली आलेल्या आत्मचरित्रात ओहारानं लिहिलंय, की त्या उतारावर मेंढ्यांच्या लेंड्या पडल्या होत्या, ती आणि तिच्या बाजूचे लोक त्या बाजूला सारत होते, आणि फोर्ड आणि वेन त्या परत तिच्या वाटेवर ढकलत होते. त्यातून तिला खरोखर ओढलं, आणि वर फोर्डनं तिला पाणी-टॉवेल द्यायला मनाई केली. तो वास अंगावर घेऊन तिनं दिवस काढला. हे ती हसत सांगते. त्या हसण्यावर विसंबून बाकीच्यांनी हसायला मी तयार नाही.

'त्या काळी असंच होतं' हे वाक्य मला म्हणूनच पोकळ वाटतं. त्या काळी काय होतं? आयर्लंडात सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न होताच राजीनामा द्यावा लागे, तो नियम १९७३ साली गेला. नवऱ्यानं केलेला बलात्कार हा गुन्हा ठरायला १९९० उजाडलं. म्हणजे थिएटरातल्या हसण्याच्या मागे कायदा उभा होता, आणि तो पुढची चाळीस वर्षं उभा राहिला. हसणं निरागस होतं असं म्हणणं म्हणजे त्या कायद्याचा हिशेब सोडून देणं. आपल्याकडच्या जुन्या चित्रपटांतही नवऱ्यानं एक सणसणीत ठेवून दिली की बायको ताळ्यावर येते आणि पुढच्या गाण्यात लाजते. नवऱ्याच्या बलात्काराला गुन्हा न मानणारा अपवाद तर आपल्या कायद्यात अजूनही आहे. तेव्हा दुसऱ्यांच्या भूतकाळाकडे फार उंचावरून पाहायची सोय आपल्याला नाही.

पण म्हणून चित्रपट बाजूला ठेवा म्हणणाऱ्यांनाही माझं उत्तर आहे. ठेवलात तर जाईल काय? फरफट जाईल, हसू जाईल, आणि त्यांच्याबरोबर मेरी केटचं ते दार लावून घेणंही जाईल. प्रेमकथेत नायिकेनं 'आधी माझं मला द्या, मग प्रेम' म्हणणं, आणि तिला लोभी न ठरवणं, हे १९५२ मध्ये दुर्मीळ होतं आणि आजही फारसं सापडत नाही. आपल्या मालिकांतली सून स्वतःचे दागिने मागायला लागली की पार्श्वसंगीत बदलतं. मेरी केटच्या वेळी बदलत नाही. शेजारी तिचं घरसामान गाडीत घालून आणतात, आणि ती खुर्च्या, भांडी, पाळणा असा एकेक जिन्नस घरात जागेवर लावते, तेव्हा ओहाराच्या चेहऱ्यावर जो आनंद आहे तो लग्नाच्या प्रसंगातसुद्धा नाही. तो प्रसंग आमच्या घरात सगळ्या बायकांनी गप्प होऊन पाहिला. माझी थोरली बहीण नंतर एवढंच म्हणाली, की आईची पितळी परात अजून मोठ्या वहिनीकडेच आहे.

मला विचाराल तर अशा चित्रपटांना कात्री नको आणि माफीही नको. प्रस्तावना जोडायला हरकत नाही, पण तीन ओळींच्या इशाऱ्यानं प्रेक्षकाला सुटल्यासारखं वाटतं, आपण सावध झालो, आता निवांत बघू. त्यापेक्षा तो चारचौघांत लावावा, वेगवेगळ्या वयाच्या माणसांत, आणि हसू कुठे फुटतं ते ऐकावं. सहकुटुंब पाहण्याजोगा गोड चित्रपट, अशी चिठ्ठी मात्र त्याला लावू नये. तो गोड नाही. त्यात भांडण आहे आणि ते मिटलेलं नाही.

विधवा टिलेनच्या टोमण्याचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. काँगमध्ये आज त्या झोपडीची प्रतिकृती करून संग्रहालय केलेलं आहे, तिकीट लावून. खरी झोपडी तिकडे माम नावाच्या गावाजवळ पडझडीत उभी आहे, भिंतींचे दगड पर्यटक खिशात घालून नेतात. चित्रपटातला पब खरं तर किराणा दुकान होतं, २००८ साली तो खरोखरचा पब झाला. वेननं ओहाराला उचलून घेतल्याचा पुतळाही गावात आहे. फरफटीचा पुतळा कुणी केला नाही, हे मला लोकांच्या शहाणपणाचं लक्षण वाटतं, किंवा सोयीचं.

या सगळ्यात एक आपली गोष्ट आठवते. २०१९ च्या डिसेंबरच्या अखेरीस आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर मालवण तालुक्यातल्या वराडला आले होते, वडिलांच्या मूळ गावी, घरच्या मंडळींसह. गावानं मोठं स्वागत केलं. फोर्डनं पाहिलं असतं तर दिशा चुकली म्हणून हसला असता: आयरिश माणूस आणि मूळ गाव म्हणून कोकण! मला तेव्हा वाटलं होतं ते वेगळंच. ज्या देशात मेरी केटला आपलं सामान मागायला इतका तमाशा करावा लागला, त्याच देशानं २०१५ मध्ये सार्वमतानं समलिंगी विवाह मान्य केला, आणि दोन वर्षांनी एका उघडपणे समलिंगी असलेल्या, अर्ध्या मालवणी माणसाला पंतप्रधान केलं. देश बदलतात. मात्र त्याच देशात दर मार्चला 'क्वाएट मॅन'ही पाहिला जातो, हेही तितकंच खरं.

चित्रपटाच्या अगदी शेवटी शॉन आणि मेरी केट झोपडीसमोर उभे राहून हात हलवतात, आणि ती त्याच्या कानात काहीतरी पुटपुटते. ऐकून त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. फोर्डनं तिला काय म्हणायला सांगितलं होतं ते त्या तिघांनाच ठाऊक होतं. तिनं आधी नकार दिला होता आणि मग कुणाला कधी सांगायचं नाही या अटीवर ते केलं. २०१५ साली ती गेली, कुणाला न सांगता.

भाचीला मी चित्रपट दिला. पंधरा दिवसांनी रात्री अकराला तिचा मेसेज: "मामा, ती कानात बोलते ना, त्यानंतर त्याच्या हातातली काठी काढून घेते आणि फेकून देते. पाहिलं होतंस?" मी हा चित्रपट पाच-सहा वेळा तरी पाहिला असेल. उठलो, लॅपटॉप उघडला, शेवटची दोन मिनिटं लावली. काठी गवतात पडते, ती मागे वळून त्याच्याकडे बघते आणि घराकडे पळत सुटते. तो तिच्या मागे.